तार आणि नळी : स्वर कोठे उभा राहतो?

गेल्या रामनवमीस दुपारी जन्मोत्सवाची भजने चालू असता आपल्या मंदिरातील बासरी आणि तंबोरा यांचे काही केल्या जमेना. बासरी चढलेली, तंबोरा उतरलेला. पौषातील पहाटेच्या पूजेस मात्र हीच बासरी उतरलेली वाटली होती. सभामंडपात कुजबूज झाली की, बासरी वाजविणाऱ्या आजोबांचा कान आता पूर्वीचा राहिला नाही. प्रस्तुत लेखकही त्या कुजबुजीत सामील होता, हे येथे कबूल केले पाहिजे. घरी येऊन शांतपणे विचार केल्यावर लक्षात आले की, दोष कानाचा नव्हता. तार आणि नळी यांच्या भिन्न प्रकृतीचा तो परिणाम होता. तो कसा, हे समजण्यासाठी स्वर मुळात निर्माण कसा होतो हे पाहावे लागेल.

सात-आठ हात लांबीची दोरी घेऊन तिचे एक टोक खिडकीच्या गजास बांधावे व दुसरे हाती धरून एकच झटका द्यावा. एक लाट दोरीवरून धावत जाईल, गजावर आदळेल आणि उलटी होऊन परत येईल. आता हात सारख्या तालाने हालवीत राहिल्यास जाणारी व येणारी लाट एकमेकींत मिसळतात. बहुतेक वेळी नुसता गोंधळ दिसतो. परंतु ठरावीक तालावर दोरी एकाएकी एका मोठ्या फुगवट्याने झुलू लागते. लाट पुढे जाताना दिसतच नाही. हीच स्थिर लाट. हात दुप्पट जलद हालविला की दोन फुगवटे पडतात आणि मध्यभागी एक बिंदू जवळजवळ निश्चल राहतो. अशा निश्चल बिंदूस निस्पंद म्हणतात आणि सर्वांत अधिक झुलणाऱ्या जागेस प्रस्पंद. तीनपट, चौपट वेगाने तीन, चार फुगवटे मिळतील. अडीच मात्र कधीही मिळणार नाहीत, कारण दोन्ही टोके बांधलेली असल्यामुळे तेथे निस्पंदच असावा लागतो.

आपला करजण तालुका कानम प्रदेशातील काळ्या जमिनीचा, कापसाचा. येथील वडीलधाऱ्यांनी पिंजाऱ्याच्या धनुष्याची तात गुणगुणताना ऐकलीच असेल. तिचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो. लांबी निम्मी केली तर आंदोलनसंख्या दुप्पट होते. ताण चौपट केला तरच ती दुप्पट होते. आणि त्याच ताणावर चौपट जड तार घेतली तर ती निम्मी होते. तंबोऱ्याच्या खर्जाला जाड तार का लावतात, याचे उत्तर यातच आहे. सतराव्या शतकात अहोबल पंडितांनी 'संगीत पारिजात' या ग्रंथात वीणेच्या तारेची लांबी मोजून स्वरांची स्थाने सांगितली आहेत. तार छत्तीस इंच मानल्यास अठरा इंचांवर तार षड्ज, सत्तावीसवर मध्यम आणि चोवीसवर पंचम येतो. फूटपट्टी घेऊन सतारीवर कोणीही हे पडताळून पाहावे.

परंतु छेडलेली तार एकाच प्रकारे झुलत नाही. एक, दोन, तीन, चार, पाच अशा फुगवट्यांचे झुलणे तिच्यात एकाच वेळी चालते. खर्जाची तार सेकंदास १२० आंदोलने करीत असेल, तर तीतून २४०, ३६०, ४८० आणि ६०० आंदोलनांचे स्वरही निघतात. त्यांपैकी ६०० चा स्वर म्हणजे वरच्या सप्तकातील शुद्ध गांधार. आपले गवई ज्यास स्वयंभू गांधार म्हणतात तो हाच. तंबोऱ्यात गांधाराची तार नसते, तरीही तो ऐकू येतो. यात चमत्कार काही नाही, आणि तरी प्रत्येक वेळी नवल वाटते.

आता एक पेच पाहा. तार जेथे छेडली तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद पडतो, तो उपस्वर उमटू नये, असा यंग व हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. अगदी मधोमध छेडल्यास दुसरा, चौथा असे सम उपस्वर गप्प राहिले पाहिजेत. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखविले की, तंबोरा व वीणा हा नियम पाळीत नाहीत. गप्प राहावयाचे स्वरही त्यांत जोराने उमटतात. कारण आहे घोडीचा किंचित बाकदार माथा. तार त्यावर एका बिंदूशी न टेकता झुलताना पुनःपुन्हा त्यास स्पर्श करते. तारेखाली सरकविलेला सुताचा धागा तो स्पर्श नेमक्या जागी आणतो. यालाच जव्हारी म्हणावयाचे. मिरजेचे कारागीर घोडी घासून ती काढतात आणि त्यांचे मोजमापाचे साधन म्हणजे कान. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे योग्यच झाले.

हार्मोनियमचा गांधार मात्र या स्वयंभू गांधाराशी तंतोतंत जुळत नाही. षड्ज २४० असता तंबोऱ्याचा गांधार ३००, तर हार्मोनियमचा सुमारे ३०२.४. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले ते अशाच सूक्ष्म अंतरांसाठी. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १८८६ साली गायनशाळा निघाली आणि १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा हा विषय आपल्या प्रांतास परका नाही. मुलांना तंबोऱ्यावरच गाण्यास बसवावे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

आता नळी. नळीत झुलते ती हवा. उघड्या तोंडाशी हवा मोकळी, म्हणून तेथे प्रस्पंद. बंद टोकाशी तिला हालण्यास वाव नाही, म्हणून निस्पंद. दोन्ही टोके उघडी असलेल्या अर्ध्या मीटरच्या नळीत अर्धी लाट बसते व उन्हाळी-हिवाळी सरासरी हवेत सेकंदास सुमारे ३४५ आंदोलने होतात. तीच नळी एका टोकास बंद केली तर पाव लाटच बसते आणि स्वर एक सप्तक खाली जातो. उभट तांब्या नळाखाली भरू लागला की त्याचा आवाज चढत जातो, कारण पाण्यावरील हवेची नळी आखूड होत जाते. गृहिणी पाठ फिरवूनही तांब्या भरल्याचे ओळखते, ते याच शास्त्राच्या आधाराने. बासरीचे वरचे टोक बंद असते; तथापि फुंकीचे भोक उघडे असल्याने ती दोन्हीकडून उघड्या नळीप्रमाणेच वागते आणि फुंक जोराची दिली की सप्तक चढते.

मात्र नळीतील स्वर लांबीप्रमाणेच हवेतील ध्वनीच्या वेगावरही अवलंबून असतो. पंधरा अंश उष्णतामानास हा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर, तर अडतीस अंशांस सुमारे ३५४. म्हणजे पौषाच्या पहाटे २४० असलेला षड्ज चैत्राच्या दुपारी २४९ वर जाऊ पाहतो. षड्ज व कोमल ऋषभ यांमधील निम्म्याहून अधिक अंतर त्याने तोडले. वादकाचा उबदार श्वास नळीत असल्यामुळे प्रत्यक्ष फरक याहून कमी पडतो, पण कानास टोचण्याइतका उरतोच. बांबूची लांबी उष्णतेने बदलते ती नगण्य. तारेचे याउलट आहे. ती तापली की लांबते, ताण सैल होतो आणि स्वर उतरतो. एकाच उन्हाने बासरी वर गेली आणि तंबोरा खाली आला.

हे सर्व गणित घेऊन मी आजोबांकडे गेलो व क्षमा मागितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की, उन्हाळ्यात फुंकीचे भोक ओठांकडे किंचित आत वळवून ते स्वर उतरवून घेतात; हे त्यांना त्यांच्या गुरूंनी शिकविले होते. त्या दुपारी तंबोराही फार उतरल्याने वळविण्यास जागा उरली नव्हती, इतकेच. यापुढे भजनापूर्वी दहा मिनिटे बासरी फुंकून घ्यावी आणि मग तिच्या षड्जावर तंबोरा लावावा, असे आमचे ठरले आहे. खुंटी पिळता येते, बांबू ताणता येत नाही.