भूलतज्ज्ञाला खरं सांग

मिरज

चि. अद्वैत,

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन ठरल्याचं ताईकडून कळलं. ती राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरूला येतेय आणि पीएसीला, म्हणजे भुलेआधीच्या तपासणीला, तुझ्याशेजारी बसणार आहे. म्हणून ती निघायच्या आत हे लिहितेय. तपासणीच्या कागदावर व्यसनाचा रकाना असतो. आई शेजारी असली की तुझ्या वयाची मुलं तिथे बेधडक ‘नाही’ म्हणतात. मी नेहमी बघते. तू म्हणू नकोस. ताईला औषधाच्या दुकानात पाठव हवं तर, पण भूलतज्ज्ञाला एकटा भेट आणि कोरमंगलाच्या पार्ट्यांत काय घेतोस, किती, शेवटचं कधी, हे नावानिशी सांग. पेशंटचं गुपित राखणं आम्हा भूलतज्ज्ञांना बंधनकारक असतं.

गांजा नेहमी ओढणाऱ्याला प्रोपोफॉल जास्त लागू शकतं, श्वासनळी चिडलेली असते, ऑपरेशननंतर दुखतंही जास्त. ओढल्यानंतर लगेचच्या काळात हार्ट अटॅकचा धोका वाढलेला असतो. म्हणून ‘अस्रा’ या अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली सांगितलं की प्रत्येकाला गांजाबद्दल विचारा, आणि ओढून दोन तास झाले नसतील तर तातडीचं नसलेलं ऑपरेशन पुढे ढकला. कोकेन आणि एमडीने रक्तदाब भडकतो, हृदयाचे ठोके बिघडतात. एक्स्टसी अंगात असताना ट्रॅमाडॉलसारखं दुखण्यावरचं नेहमीचं औषध दिलं तरी ताप, थरथर, झटके येऊ शकतात. ‘मला तर कमरेतच इंजेक्शन देणार’ असं म्हणशील. ती भूल कधीकधी पुरत नाही, मग पूर्ण द्यावी लागते. आणि रक्तदाब तिनेही उतरतोच.

दारू आणि झोपेच्या गोळ्यांचं मला जास्त भय वाटतं, कारण त्या आमच्या औषधांच्याच दिशेने ओढतात: श्वास मंदावतो. मायकेल जॅक्सन २००९ साली गेला तो घरी दिलेल्या प्रोपोफॉलने, आणि अंगात लोराझेपामही होतं. तुमच्या पार्ट्यांत फिरणारं केटामाईन माझ्या ट्रेमधलंच औषध आहे रे. माझ्याकडे मात्र पेशंट उपाशीपोटी असतो, बोटाला ऑक्सिमीटर असतो. ऑक्सिजन उतरायला लागला की त्याचा टिक-टिक आवाज जाड होत जातो, आणि हातात काहीही काम असो, कान तिकडेच लागलेले असतात. दारू पिऊन वर केटामाईन घेतलेला मुलगा फ्लॅटवर उताणा पडून ओकला, तर ते छातीत जाताना कोण ऐकणार?

रोज काही घेत असशील तर घाबरून एकदम बंदही करू नकोस. दारू नि गोळ्या अचानक तोडल्या तर फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांना सांग. सोडायला मदत हवी असेल तर होसूर रोडवर निम्हान्समध्ये व्यसनमुक्तीचा विभाग आहे, आणि १४४४६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

ऑपरेशनची तारीख पुढे गेली तर जाऊ दे. ताईला काय सांगायचं ते मी बघते.

तुझी मावशी