वस्त्रांची शोभा आणि वस्त्रांचे काम

वाचनभाग : निर्गम २८:१-५ व ३१-४३; नीतिसूत्रे ३१:१०-३१; याकोब २:१-४

एका नाताळात आम्ही रविवार-शाळेच्या मुलींसाठी देवदूतांचे झगे शिवले. कापड मीच पसंत केले होते : चकचकीत पांढरे नायलॉन, वर जाळी. व्यासपीठावर मुली सुंदर दिसल्या, पण दुसरे गीत सुरू होताच एक लहानगी मान खाजवीत रडू लागली. गळ्याभोवती लाल वळ उठले होते. कार्यक्रमानंतर तिची आई म्हणाली, “बाई, सुती घेतले असते तर पुढे शाळेलाही घालता आले असते.” तिने उसने पैसे घेऊन तो झगा शिवला होता, हे मला मागाहून कळले.

आता निर्गमाचा अठ्ठाविसावा अध्याय उघडा. अहरोनाची वस्त्रे गौरवासाठी व शोभेसाठी करावी अशी देवाची आज्ञा आहे. म्हणजे शोभा ही देवाला वर्ज्य गोष्ट नाही. सोने, निळे, जांभळे व किरमिजी सूत, घेरावर डाळिंबे, सर्व काही आहे. पण ३२ वे वचन सहसा कोणी शिकवीत नाही. झग्याच्या गळ्याला चिलखताच्या गळ्यासारखा विणलेला गोट असावा, तो फाटू नये म्हणून! शिवणकाम करणाऱ्या भगिनींना यातले शहाणपण लगेच उमगेल. पुढे यहेज्केल ४४:१७-१८ मध्ये याजकांना आतल्या अंगणात लोकर मना केली आहे. त्यांनी तागाची वस्त्रे घालावी आणि घाम येईल असे काही कमरेला बांधू नये. सेवा करणाऱ्याच्या घामाचाही तेथे विचार झाला आहे.

आपल्या गोव्यात घामाचा विचार कोणाला चुकला आहे? वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि बाकीचे महिने दमट. सुती कापड साधारण हवेत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरते; पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही, म्हणून घाम अंगावरच राहतो. उलट पावसाळ्यात सुती कपडा दोन दोन दिवस वाळत नाही आणि पॉलिएस्टर रात्रीत वाळते. तेव्हा गरीब आईने टेरिकॉट घेतले तर तिला साधेपणावर प्रवचन देऊ नये. डिचोलीकडे खाणी जोरात होत्या तेव्हा रस्त्याकाठच्या घरांतून पांढरा सदरा वाळत घालणे हेच धाडस होते. संध्याकाळी तो तांबडा होऊन आत येई.

कुणबी स्त्रियांच्या जुन्या साडीने हा प्रश्न छान सोडविला होता. जाड सूत, तांबड्या चौकटी, पोटऱ्यांपर्यंतच लांबी आणि खांद्यावर पदराची घट्ट गाठ. चिखलात वाकून लावणी करताना पदर सुटत नाही, काठ भिजत नाही आणि तांबडा रंग हिरव्या शेतात शोभूनही दिसतो. ही साडी नाहीशी होत चालली असता वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा लोकांपुढे आणली आणि २०१२ साली गोव्याच्या पेहरावावर ‘मोडा गोवा’ हा ग्रंथ लिहिला. त्यांचे कोलवाळ गाव शापोरा नदीच्या अलीकडे. पूल ओलांडला की पेडणे. शहरातल्या स्त्रियांसाठी त्यांनी साडीची लांबी मात्र वाढविली. ते योग्यच, कारण त्या काही लावणीला जाणार नव्हत्या.

कपड्यांवरून आपण धर्म मोजू लागलो की काय होते, तेही याच भूमीत घडले आहे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने फर्मान काढले : ख्रिस्ती झालेल्या पुरुषांनी धोतर नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये. पेडणे तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हते. ते १७८८ साली गेले, डिचोली त्याआधी काही वर्षे. या उकाड्यात धोतराइतके सोयीचे वस्त्र कोणते? तरी प्रभूच्या नावाने ते मना झाले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण साडी सोडली नाही.

आपण फर्मान काढीत नाही हे खरे. पण नाताळ व ईस्टरला नवे कपडे नाहीत म्हणून घरी राहणारे कुटुंब आपल्या मंडळीत आहे की नाही, हे पाळकसाहेबांना विचारून पाहा. याकोब सोन्याच्या अंगठीवाल्याला दोष देत नाही. त्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्याच्या माणसाला पायाशी बसवणाऱ्या मंडळीला देतो.

शिक्षकांस : नीतिसूत्रे ३१ वाचताना १७ वे व २२ वे वचन मुलांना शेजारी शेजारी ठेवायला सांगा. एकात ती स्त्री कामाला कंबर कसते, दुसऱ्यात तलम ताग व जांभळी वस्त्रे नेसते. तीच बाई! मग प्रत्येकाने घरून एक जुना, आवडता कपडा आणावा आणि तो कोणी शिवला, कशाला वापरला, आता कोणाला होईल ते सांगावे. ज्याच्याकडे आणण्याजोगा कपडा नाही त्याला वर्गात ते बोलावे लागू नये, म्हणून आदल्या रविवारी घरोघरी जाऊन या.