पंढरपूरला जाताना

आपल्या वैरागहून पंढरपूर काही लांब नाही. सुगी उरकली की पुष्कळजण विठोबाला जातात. पण नुसते जाऊन येणे निराळे आणि नीट पाहून, समजून येणे निराळे. तेथे काय करावे, काय पाहावे, ते आज वाचू.

निघताना

एस.टी.ने जावे किंवा बार्शीहून रेल्वेने, कुर्डुवाडीवरून. कुर्डुवाडी ते पंढरपूर ही छोटी रेल्वे १९०६ साली सुरू झाली. आता तिचे रूळ रुंद झाले आहेत. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांना गर्दी फार. म्हातारी माणसे, लेकरे बरोबर असतील तर एरवी जावे.

नदीवर

नदी भीमाच. पण येथे ती चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. पात्रात पुंडलिकाचे देऊळ आहे. वाळू उपसल्याने पात्रात खड्डे पडतात. वरून पाणी उथळ दिसते, आत माणूस बुडते. वर उजनी धरण आहे. तेथून पाणी सोडले की इकडे पाऊस नसतानाही नदी चढते. म्हणून काठाशीच अंघोळ करावी. धोक्याची पाटी आधी वाचावी. घाटावर घाण करू नये. तेच पाणी पुढच्या गावाला जाते.

देवळात

दर्शनाच्या रांगा दोन. पायांवर डोके ठेवायचे तर एक, लांबून मुखदर्शन घ्यायचे तर दुसरी. दुसरी लवकर सरकते. देणगी दिली तर पावती घ्यावी व आकडा वाचून पाहावा.

महाद्वाराशी नामदेवाची पायरी आहे. तिच्यासमोर चोखोबांची समाधी. चोखोबा थोर संत, पण जातीमुळे त्यांना देवळात जाता आले नाही. पुढे कित्येक शतके हीच रीत चालली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा देऊळ हरिजनांना खुले झाले. या पायरीशी आपण घटकाभर उभे राहावे आणि हे आठवावे.

मावशींची गोष्ट

एका आषाढीला आम्ही गावची मंडळी घेऊन गेलो होतो. महाद्वारात गर्दी लोटली आणि आमच्यातल्या एक मावशी चुकल्या. आमचा मठ दोन गल्ल्या पलीकडे होता. दारावर मोठी पाटी होती. मावशी तिच्यासमोरून तीनदा गेल्या! रात्रभर आम्ही शोधले. पहाटे त्या घाटावर सापडल्या. रडत म्हणाल्या, "गुरुजी, पाटी दिसत हुती वो, पण वाचता येत न्हवती."

चूक आमचीही होती. आम्ही त्यांच्याजवळ चिठ्ठी दिली नव्हती.

त्याच वर्षी मावशी साक्षरता वर्गात आल्या. दोन वर्षांनी पुन्हा गेलो, तेव्हा प्रत्येक पाटी त्यांनी बोट ठेवून वाचली. चोखोबांच्या समाधीपाशी नाव वाचले आणि हात जोडले.

म्हणून निघण्याआधी प्रत्येकाने आपल्या हाताने चिठ्ठी लिहावी. तीत आपले नाव, गाव, उतरायची जागा आणि सोबत्याचा फोन नंबर असावा. ती खिशात किंवा कनवटीला ठेवावी.

सांगा व लिहा

१. नदीला चंद्रभागा का म्हणतात?
२. पाऊस नसतानाही नदी का चढते?
३. मावशींना मठ का सापडला नाही?
४. आपली चिठ्ठी लिहून शेजाऱ्याला वाचायला द्या.