लेव्हल चार, पण किती तास?

सोनू, तू पाठवलेल्या पॅम्प्लेटचा फोटो मी दोनदा मोठा करून पाहिला. 'एसी-फ्रिज दुरुस्ती, तीन महिने, लेव्हल ४, सरकारमान्य.' खाली तुझा प्रश्न : ताई, आयटीआयचा इलेक्ट्रिशियनपण लेव्हल ४ च आहे ना, मग दोन वर्षं कायले घालवायची?

प्रश्न वाकडा नाही. पॅम्प्लेटही खोटं नाही. एसी दुरुस्तीचे छोटे कोर्स खरोखरच लेव्हल ४ चे असतात आणि आयटीआयचा दोन वर्षांचा वीजतंत्रीही लेव्हल ४ चा. (हो, दाखल्यावर आपण 'वीजतंत्री' असतो, वायरमन 'तारतंत्री', फिटर 'जोडारी' आणि वेल्डर 'संधाता'. फॉर्म भरताना 'संधाता' पाहून घाबरू नको, त्याला आजवर कुणी त्या नावानं हाक मारली नाही.) तरी दोन्ही एकच नाहीत.

ही लेव्हलची भानगड २०१३ च्या डिसेंबरात आली. केंद्र सरकारनं सगळ्या कौशल्यांना इयत्तेसारखे नंबर द्यायचे ठरवले, एक ते दहा. २०२३ मध्ये त्यात सुधारणा होऊन ते एक ते आठ झाले आणि साडेचार, साडेपाच असे अर्धे नंबरही आले. अंदाज यावा म्हणून सांगते : लेव्हल ३ दहावीच्या बरोबरीची, लेव्हल ४ बारावीच्या, आणि ८ म्हणजे पीएच.डी. लेव्हल एवढंच सांगते की काम किती अवघड आहे, सांगितलेलं करायचं की स्वतः ठरवून करायचं. त्या कामावर तू किती दिवस हात घासलास, हे ती सांगत नाही. त्यासाठी क्रेडिट पाहायचं. ३० तासांचं एक क्रेडिट, वर्षाचे १,२०० तास, म्हणजे ४० क्रेडिट. दोन वर्षांच्या आयटीआयचे झाले ८०. तुझ्या तीन महिन्यांत रोज पाच तास धरले तरी बारा-तेराच्या वर जात नाहीत.

आपल्या भाषेत सांगू? लेव्हल म्हणजे धानाची जात आणि क्रेडिट म्हणजे माप. पायलीभर एचएमटी आणि खंडीभर एचएमटी, दोन्ही एचएमटीच. पण घरात वर्षभर पुरतं कोणतं?

एचएमटीचं नाव निघालं म्हणून आठवलं. ते वाण निवडून काढलं आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी. शाळा तिसरीपर्यंत. मनगटावरच्या घड्याळाचं नाव त्या धानाला पडलं. त्यांना कुणी लेव्हल विचारली असती तर काय सांगितलं असतं त्यांनी? तुझ्या बाबांचंही तेच आहे. वीस वर्षं गावातल्या निम्म्या घरांचे नळ त्यांनी जोडले आणि कागद एकही नाही. अशा माणसांसाठी 'पूर्वज्ञानाची मान्यता' नावाची सोय आहे, सगळे तिला आरपीएल म्हणतात. थोडं प्रशिक्षण, परीक्षा, मग प्रमाणपत्र. बाबांना सांग. चिडतील, म्हणतील 'आता मले कोण शिकवते', तरी सांग.

आता तुझं. दहावीला गणित-विज्ञानात पास आहेस, म्हणजे इलेक्ट्रिशियनला बसतेस. वायरमन आणि प्लंबरला तर आठवी पास चालते, हे तुझ्या त्या नापास मैत्रिणीला आजच सांग. ती घरात बसून रडून राहिली असेल. प्लंबर एकाच वर्षाचा. मुली त्याच्याकडे बघतही नाहीत, आणि मला ते पटत नाही. २०१९ पासून जलजीवन मिशननं गावोगाव नळ नेले. आता ते गळणार, चोंदणार, आणि दुरुस्तीला माणूस हुडकत फिरावं लागणार. शिवाय गडचिरोलीत कितीतरी घरी दिवसा पुरुषमाणूस नसतो. नळ दुरुस्तीला बाई आली तर घरातल्या बाईला बरंच वाटतं, हे मी पाहिलं आहे. आयटीआयत मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत आणि वायरिंग-प्लंबिंगच्या वर्गात त्या जागांवर मुली दिसत नाहीत. ते सोड, मी भाषणावर आली.

आयटीआय झाल्यावर जे येतं, त्याबद्दल खरं बोलायचं होतं. अप्रेंटिसशिप. आपल्याकडं सरळ 'अप्रेंटिस' म्हणतात. १९६१ चा कायदा आहे त्याला. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. चारपासून माणसं असतील तर घेता येतात, सक्ती नाही. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला एक वर्ष अप्रेंटिस करायची, मग अखिल भारतीय परीक्षा, मग राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र. आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे एनटीसी वेगळं आणि हे एनएसी वेगळं. दोन्ही हातात पाहिजेत.

माझी पहिली अप्रेंटिस कशी वाया गेली ते तुला कुणी सांगितलं नसेल. मावशीलाही माहीत नाही. आयटीआय झाल्याबरोबर एका ठेकेदाराकडं लागली. 'अप्रेंटिस म्हणून ठेवतो' म्हणाला. आठ महिने झिऱ्या मारल्या, पाईप टाकले, वायरी ओढल्या. पैसे हातात, कधी पाच हजार, कधी 'पुढच्या महिन्यात'. मी खूश होती, काम तर शिकून राहिली होती. परीक्षेचा फॉर्म भरायला गेली तेव्हा कळलं की माझ्या नावचा करारच कुठं नाही. कायद्याच्या नजरेत ते आठ महिने घडलेच नव्हते. म्हणून पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बघ : अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर तुझ्या नावचा करार चढला का, आणि स्टायपेंड बँकेत येणार का. 'होऊन जाईल' म्हणाले की समजून घे, होणार नाही.

स्टायपेंडचे किमान दर २०१९ मध्ये ठरले. आयटीआयवाल्याला ७,००० पासून, पण संस्थेत घालवलेली वर्षं धरून एक वर्षाच्या ट्रेडला ७,७०० आणि दोन वर्षांच्याला ८,०५० असं धरतात. फॉर्म भरताना चालू दर विचारून घेशील. आणि हं, त्याच्याशी २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षणाची गल्लत करू नको. त्यातही आयटीआयवाल्यांना ८,००० मिळायचे, तिथंच सगळे फसतात. ते काम शिकणं होतं, अप्रेंटिस नव्हती. त्याच्या शेवटी एनएसी मिळत नाही.

जागा कुठं मिळणार? इथं वैनगंगेची दोन काठं वेगळी आहेत बघ. अलीकडं चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र, वेकोलिच्या खाणी, भद्रावतीची आयुध निर्माणी, घुग्घुस-गडचांदूरचे सिमेंट कारखाने. पलीकडं गडचिरोलीत जंगल आणि सरकारी कार्यालयं, आणि आता कोनसरीचा लोहप्रकल्प. म्हणजे कुरखेड्याच्या पोरीला अप्रेंटिससाठी बहुतेक नदी ओलांडावीच लागते. आठ हजारात खोली, डबा, एसटी, आणि पावसाळ्यात रस्ता बंद झाला की बुडालेला दिवस. भामरागडच्या माझ्या मैत्रिणीला पर्लकोटाच्या पुरानं अडकवलं होतं, तिचा खाडा लागला. खोली दोघी-तिघींत घे, सुरुवातीपासून.

पण कारखान्यात जाण्याआधी एक ठरव : तुला शिकायचं काय आहे? मोठ्या कारखान्यात ४१५ व्होल्टच्या मोटरी आणि पॅनेल शिकशील, भिंतीत झिरी मारायला शिकणार नाहीस. घरं-दवाखान्यांची वायरिंग, पाण्याच्या लायनी, एसी यात राहायचं असेल तर लायसनवाला ठेकेदार किंवा एखाद्या मोठ्या इस्पितळाचा मेंटेनन्स विभाग बघ. दुसऱ्या खेपेला मी तसंच केलं. करार पोर्टलवर होता, मी आधी तोच पाहिला.

तिथल्या उस्तादांनी मला पहिला महिना झाडायलाच लावलं. दुसऱ्या महिन्यात एका वॉर्डातला स्विचबोर्ड उघडायला दिला. मेन पाडला होता. मी टेस्टर लावला, दिवा लागला नाही, मी म्हटलं बंद आहे, आणि हात घालणार तेवढ्यात त्यांनी मनगट धरलं. "टेस्टरच मेला असन तं?" मग दाखवलं. टेस्टर आधी चालू पॉइंटला लावायचा, दिवा लागतो ते पाहायचं. मग बंद केलेल्या पॉइंटला. मग पुन्हा त्या चालू पॉइंटला, मधल्या काळात टेस्टर मेला नाही ना म्हणून. तीन वेळा, प्रत्येक वेळी. तो माझा टेस्टर तिसऱ्या वेळी लागलाच नाही. आत वायरीत करंट होता, इन्व्हर्टरची लाइन होती ती. आजही घरी बल्ब बदलताना मी तीनदा लावते, तुझे जिजू हसतात.

पुस्तकात ही ओळ होती गं, परीक्षेला मी लिहिलीही होती. मनगट धरणारं कुणी असेल तर ती हातात उतरते, आणि त्यासाठी ते वर्ष लागतं. तुझ्या तीन महिन्यांच्या कोर्सला नावं ठेवत नाही मी. आयटीआय नंतर, एसीची जोड म्हणून जरूर कर. आधी नको.

एनएसीनंतरही एक दार राहतं, ते आमच्या वेळी कुणी सांगितलंच नव्हतं. प्रमाणपत्र म्हणजे लायसन नव्हे. घराला नवीन मीटर घ्यायचं तर महावितरणला परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो. वायरिंग तू करशील, सही दुसऱ्याची, आणि त्या सहीचे पैसे तो घेईल. तो परवाना विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडून काढायचा असतो. पहिल्या दिवसापासून करार, हजेरी, अनुभवाचे दाखले एका फाइलीत ठेव. मी पिशवीत ठेवले होते, निम्मे उंदरांनी नेले.

आणि मावशीला 'शिक्षण थांबेल' ही धास्ती वाटून राहिली आहे ना, तर तिला सांग, दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. भाषेचे पेपर दिले तर बारावीची समकक्षताही मिळते. महावितरणच्या विद्युत सहायकाची भरती निघते तेव्हाही हाच आयटीआय मागतात.

बाकी रविवारी ये. जातीचा दाखला आणि दहावीची मार्कशीट घेऊन ये, फॉर्म इथंच भरू. आणि तुमच्या पडवीत तो जुना होल्डर लटकतो तो, आणि दोन हात वायर आण. टेस्ट लॅम्प कसा करायचा ते दाखवते, टेस्टर तुला नंतर घेऊन देईन.