पाकीट उलटं करून वाचा!
मित्रांनो, पेपरात युनिट चुकलं की मार्क जातात. खाऊच्या पाकिटावर मात्र आपण युनिट बघतच नाही! समजा, १५० ग्रॅम शेवेच्या पाकिटावर ‘प्रति सर्व्हिंग सोडियम १६० मिलिग्रॅम’ छापलंय. आकडा किरकोळ वाटतो ना? पण सर्व्हिंग असतं २० ग्रॅमचं! अख्खं पाकीट फस्त केलं तर सोडियम १२०० मिलिग्रॅम. त्याला २.५ ने गुणलं की मीठ निघतं ३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. घरात कुणाला बीपी असेल, तर हा हिशोब महत्त्वाचाच.

‘मल्टिग्रेन’ बिस्किटांचंही तसंच. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव मैद्याचं असेल, तर पुढच्या बाजूची कणसं नुसती शोभेची! तेव्हा कॅन्टीनमध्ये आधी मागची बाजू वाचा.