झिपची शेपटी

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. एकोणसाठ की एकोणसत्तर, हा गोंधळ अजून होतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

या विभागाचे लेख गोळा करून प्रेसला पोचवायचं काम यंदा माझ्याकडे होतं. रोज कुणीतरी यायचं, "अगं, माझी नवीन फाईल घे ना!" दर वेळी हाताने झिप करायचा कंटाळा आला, म्हणून पायथॉनमध्ये दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. फोल्डर वाचायचा, झिप करायची, पेनड्राईव्हवर कॉपी टाकायची. संपलं!

पहिला धक्का म्हणजे झिपची साईझ मूळ फोल्डरएवढीच. पायथॉनच्या झिपफाईल मॉड्यूलला वेगळं काही सांगितलं नाही, तर ते 'स्टोअर्ड' पद्धत वापरतं. म्हणजे कपडे घडी न घालता बॅगेत कोंबायचे. दाबायचं असेल तर 'डिफ्लेट' असं स्पष्ट सांगावं लागतं.

डिफ्लेटमध्ये दोन युक्त्या आहेत. पहिली लेम्पेल आणि झिव यांची, १९७७ सालची. आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, तर तो न लिहिता 'इतके बाईट मागे जा, इतके उचल' एवढंच लिहायचं. मागे जास्तीत जास्त ३२ केबीपर्यंत जाता येतं. दुसरी हफमनची, १९५२ ची. वारंवार येणाऱ्या चिन्हाला छोटा कोड, क्वचित येणाऱ्याला मोठा. आपल्या मराठीची इथे मजा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईटचं. त्यातला पहिला बाईट कायम तोच आणि दुसरा दोनच प्रकारचा! त्यामुळे साध्या टेक्स्ट फाईलमधले लेख छान आक्रसले. फोटो मात्र ढिम्म हलले नाहीत. जेपेग आधीच दाबलेलं असतं, त्याला अजून किती पिळणार?

खरी गंमत पुढे झाली. शेवटच्या तारखेला संध्याकाळी पेनड्राईव्ह घेऊन मी प्रेसमध्ये गेले. डीटीपी करणारे काका म्हणाले, "फाईल करप्ट आहे बाळ." मी घरी पळाले. लॅपटॉपवर तीच झिप झकास उघडली! प्रोग्राम पुन्हा चालवला, पेनड्राईव्हवर पुन्हा करप्ट. काकांच्या कॉम्प्युटरला मी मनातल्या मनात घातलेल्या शिव्या इथे छापण्यासारख्या नाहीत.

चूक माझीच होती. झिप फाईलची अनुक्रमणिका पुस्तकासारखी पुढे नसते, शेवटी असते. तिला 'सेंट्रल डिरेक्टरी' म्हणतात. प्रत्येक फाईलचं नाव, साईझ, सीआरसी आणि ती कितव्या बाईटपासून सुरू होते, हे सगळं तिथे. तिच्याही मागे किमान २२ बाईटची एक शेपटी. झिप उघडणारा प्रोग्राम आधी ही शेपटी शोधतो. आणि पायथॉन अनुक्रमणिका आणि शेपटी लिहितं 'क्लोज' केल्यावर! मी क्लोज केलंच नव्हतं, त्याआधीच कॉपी केली. पेनड्राईव्हवर बिनशेपटीची झिप गेली. नंतर प्रोग्राम संपताना पायथॉनने आपणहून क्लोज केलं, म्हणून लॅपटॉपवरची तेवढी पूर्ण झाली. बिनशेपटीची फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीला 'पीके' ही अक्षरं व्यवस्थित होती. १९८९ मध्ये हा फॉरमॅट आणणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. म्हणजे तोंड शाबूत, शेपूट गायब.

उपाय एका ओळीचा. झिप 'विथ' ब्लॉकमध्ये उघडायची, म्हणजे ब्लॉक संपला की ती आपोआप बंद होते, आणि कॉपीची ओळ ब्लॉकच्या बाहेर लिहायची. शिवाय आता कॉपी झाल्यावर पेनड्राईव्हवरचीच झिप उघडून 'टेस्टझिप' चालवते. ते प्रत्येक फाईलचा सीआरसी तपासतं आणि पहिल्या बिघडलेल्या फाईलचं नाव सांगतं. फाईल देताना 'आर्कनेम'ही द्या हं, नाहीतर माझ्यासारखी घरच्या फोल्डरांची अख्खी वंशावळ झिपमध्ये जाते.

रात्री साडेआठला प्रेस बंद व्हायच्या आत पोचले. झिप उघडली, पण काकांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाईलींची मराठी नावं चिनी-जपानी दिसत होती. नाव यूटीएफ-८ मध्ये असल्याची खूण पायथॉन झिपमध्ये करून ठेवतं, पण ती वाचायची तसदी समोरच्याने घ्यायला हवी ना! शेवटी एकेक लेख उघडून, कुणाचा कुठला ते मी कागदावर लिहून दिलं. तरीही कुणाच्या लेखाखाली दुसऱ्याचं नाव छापलं गेलं असेल, तर मला कँटीनमध्ये गाठा.