‘हॅव टू’चा योग्य वापर

‘मला जावे लागेल’ हे इंग्रजीत सांगताना अनेकजण ‘आय विल मस्ट गो’ म्हणतात. हे चूक आहे. विल, मे, मस्ट ही सहाय्यक क्रियापदे प्रमाण इंग्रजीत एकमेकांना लागून येत नाहीत. तेथे ‘हॅव टू’ वापरावे.

आय विल हॅव टू गो – मला जावे लागेल.
आय मे हॅव टू गो – मला कदाचित जावे लागेल.

नकारार्थी वाक्यात मात्र सावध राहा. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे येण्याची गरज नाही, आलात तरी चालेल. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे येता कामा नये! चुकीच्या शब्दाने पाहुणा दुखावेल. ही वाक्ये रोज मोठ्याने म्हणा. मुलाखतीत जीभ अडखळणार नाही.